तेजोमेघाच्या काठावर मोठे तारे जन्मतात, की फक्त तिथे दिसतात?

कश्यपी_काठ (धागाकर्ता), शुक्रवार रात्री

दर हिवाळ्यात आपल्या नाशिकच्या ग्रुपवर मृगातल्या तेजोमेघाचे फोटो पडतात. खाली 'अप्रतिम', 'कॅमेरा कुठला?' एवढं होतं आणि मार्च लागला की सगळे गप्प. यंदा फोटोऐवजी प्रश्न टाकतोय.

मला ठाऊक आहे तेवढं आधी लिहितो. हा तेजोमेघ, म्हणजे एम-४२, आपल्यापासून साधारण १३५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या पोटात चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आहे, त्यातला सगळ्यात दांडगा थीटा-१ ओरायनिस सी. तापमान ४० हजार केल्विनच्या आसपास. त्याच्या अतिनील प्रकाशाने आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, वायू आयनीभूत होतो आणि चमकतो. आपण फोटो काढतो तो या चमकत्या वायूचा.

आता प्रश्न. ठिकठिकाणी वाचायला मिळतं की अशा आयनीभूत ढगांच्या काठावर पुढच्या पिढीचे मोठे तारे तयार होतात. मोठे म्हणजे सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड. पण हाच तापलेला वायू आसपासचा थंड ढग उधळून लावतो, असंही तेच लोक लिहितात. ज्याच्यामुळे कच्चा माल पळतो त्याच्यामुळेच नवा माल तयार होतो, हे कसं? आणि मोठेच का? बारक्यांनी काय घोडं मारलंय?

जाणकारांनी लिहावं. विकिपीडियाची लिंक फेकून पळू नका, ती मी वाचली आहे.

सिडको_एक्सप्रेस, शुक्रवार रात्री

जागा पकडली. मला यात खोट काढायची आहे, पण आधी कुणीतरी नीट समजावून सांगा म्हणजे काढता येईल.

मूळनक्षत्र, शनिवार सकाळी

कॉलेजात फिजिक्स शिकवतो. खगोल हा पोटापाण्याचा विषय नाही, पण नाद जुना आहे. जमेल तसं लिहितो.

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश हवा. सूर्यासारख्याकडे तो नावापुरता. तीस हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्याकडे मात्र ढिगाने. एखादा दणकट ओ-वर्गी, म्हणजे सगळ्यात तापट वर्गातला तारा सेकंदाला असे फोटॉन सोडतो त्यांची संख्या एकावर ४९ शून्यं, या घरातली. सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा प्रोटॉनला जाऊन मिळतात, पुन्हा सोडवावे लागतात, आणि ताऱ्यापासून एका ठरावीक अंतरावर सगळे फोटॉन या उठाठेवीत खर्ची पडतात. तिथे आयनीभूत वायू संपतो. बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी हा हिशेब १९३९ मध्ये मांडला. त्यामुळे काठ हळूहळू विरत जात नाही, बऱ्यापैकी धारदार असतो.

खरी गंमत यानंतर आहे. आतला वायू दहा हजार केल्विनचा. बाहेरचा रेणूंचा ढग दहा-वीस केल्विनचा. त्यात हायड्रोजनचा एक रेणू फुटून आयनीभूत झाला की एका कणाचे चार कण होतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा हजारपटीहून जास्त भरतो. तो फुगणारच. फुगण्याचा वेग सेकंदाला काही किलोमीटर, आणि बाहेरच्या थंड वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर. त्यामुळे थंड वायूला बाजूला सरकायला सवडच मिळत नाही. पुढे धक्कालहर धावते, मागून तापलेला वायू रेटतो, आणि दोहोंच्या मध्ये झाडून गोळा केलेल्या थंड वायूचा थर साचत जातो. आसपासच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट दाट. पुरेसा साचला की स्वतःच्याच गुरुत्वाने त्याचे तुकडे पडतात आणि कोसळतात. ब्रूस एल्मेग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. आपण तिला 'गोळा व्हा आणि कोसळा' म्हणू.

दुसरी वाट वेगळी आहे. ढग मुळात एकसारखा नसतो, त्यात आधीच्याच गाठी असतात. अशा गाठीवर अतिनील मारा सुरू झाला की ताऱ्याकडची बाजू तापून वायू ताऱ्याच्या दिशेने उडतो, आणि त्याच्या उलट्या धक्क्याने उरलेली गाठ आतल्या आत दाबली जाते. गाठ कोसळण्याच्या बेतात असेल तर एवढं पुरतं. नसेल तर ती झिजून संपते. फ्रँक बर्टोल्डी यांचं १९८९ चं काम यावरच आहे.

'मोठेच का' याचं एक उत्तर पहिल्या वाटेत मिळतं. अँथनी व्हिटवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गणित केलं तेव्हा साचलेल्या थराचे तुकडे सूर्याच्या सातपट आणि त्याहून जड निघाले. बारीक चुरा होण्याआधीच मोठाले तुकडे सुटतात.

धागाकर्त्याच्या मूळ शंकेबद्दल: उधळणं आणि घडवणं दोन्ही एकाच काठावर चालतं. कुठे काय जिंकतं ते त्या त्या ठिकाणच्या घनतेवर आणि वेळेवर.

निफाडकर, शनिवार सकाळी

सर, हे तर पाटाला आवर्तन सुटतं तसं झालं. कोरड्या पाटात पाण्याचं तोंड पुढे सरकतं तेव्हा त्याच्या पुढे पालापाचोळा, छाटणीच्या काड्या, खताच्या फाटक्या गोण्या, सगळं ढकललं जातं. मागे पाणी नितळ, तोंडाशी ही गर्दी. मोरीपाशी आलं की तुंबतं आणि मग आम्ही दाताळं घेऊन उतरतो.

मूळनक्षत्र, शनिवार दुपारी

भाऊ, वर्गात वापरणार हे, आधीच सांगून ठेवतो. मोरीचा मुद्दाही कामाचा आहे: जिथे आधीच अडथळा आहे तिथे जास्त साचतं, म्हणजे गाठीवाली वाट. फक्त एक फरक लक्षात ठेवा. तुमच्या काड्या एकमेकींना ओढत नाहीत. वायूचा ढीग ओढतो, आणि ढीग जितका जड तितकी ओढ जास्त. सगळा खेळ त्या ओढीवर आहे.

रविवार_कारंजा, शनिवार दुपारी

निवृत्त माणूस, चार ओळी लिहितो. आयनीभवन म्हटलं की आपल्या मेघनाद साहांचं नाव यायला हवं. १९२० मध्ये त्यांनी समीकरण दिलं म्हणून जगाला ताऱ्यांचे वर्णपट वाचता आले. या धाग्यात त्यांचा उल्लेखच नाही, हे खटकलं.

मूळनक्षत्र, शनिवार दुपारी

काका, साहांबद्दल दुमत नाहीच. पण त्यांचं समीकरण ताऱ्याच्या वातावरणासाठी आहे, जिथे वायू दाट असतो, कण एकमेकांवर सतत आदळतात आणि उष्णतेचा समतोल असतो. तेजोमेघात घन सेंटिमीटरमागे शंभर ते दहा हजार कण. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत अडीचवर १९ शून्यं इतके रेणू असतात. इथे इलेक्ट्रॉन टकरींनी सुटत नाहीत, दूरच्या ताऱ्याच्या फोटॉनने सुटतात. म्हणून इथे स्ट्रोमग्रेन. मात्र थीटा-१ सी ४० हजार केल्विनचा आहे हे वर्णपटावरून ओळखायचं, तर तिथे साहांशिवाय पान हलत नाही.

रविवार_कारंजा, शनिवार संध्याकाळी

हे पटलं. म्हणजे तारा साहांचा, मेघ स्ट्रोमग्रेनचा. आमच्या वेळी असं कुणी वेगळं करून सांगितलं नाही.

सिडको_एक्सप्रेस, शनिवार रात्री

चला, आता माझी पाळी.

वर जे लिहिलंय ते 'असं होऊ शकतं' या सदरातलं आहे. 'असं झालं' याचा पुरावा काय? फोटोत तेजोमेघ दिसतो, त्याच्या काठावर कोवळा तारा दिसतो, आणि लगेच काठाने तारा जन्माला घातला म्हणून मोकळे. अहो, ढग तिथे होताच! मोठे तारे दाट ढगातच होतात. ढगाच्या मध्यावर एक तारा आधी पेटला, त्याने मधला वायू हटवला, आता ढग उरला फक्त काठाला. मग पुढचा तारा काठावर नाही दिसणार तर कुठे दिसणार? तो तसाही झालाच असता. आग लागली तिथे बंब दिसतो म्हणून बंबाने आग लावली म्हणायचं का?

दुसरं, आकाश आपल्याला सपाट दिसतं. काठावर वाटणारा तारा हजार प्रकाशवर्षं मागे असू शकतो.

कश्यपी_काठ, शनिवार रात्री

खोट काढलीच अखेर. पण दम आहे मुद्द्यात. कुणी प्रत्यक्ष यात काम करणारं आहे का इथे?

अवरक्ता, रविवार सकाळी

आहे. माहेर नाशिकरोड, सध्या मुक्काम पुण्यात, पीएचडीचं शेपूट राहिलंय. माझा विषय नेमका हाच नाही, पण शेजारच्या टेबलावर रोज ऐकते.

सिडको, तुमचा आक्षेप या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात टणक आक्षेप आहे. आधी एक ठळक उदाहरण घेऊ, मग आकडे.

वृश्चिकाच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या बाजूला, आरसीडब्ल्यू १२० नावाचा तेजोमेघ आहे. रॉजर्स, कॅम्पबेल आणि व्हाइटओक यांच्या १९६० च्या यादीतला १२० वा. अंतर चार ते साडेपाच हजार प्रकाशवर्षं. मध्ये एक ओ-वर्गी तारा, भोवती जवळजवळ पूर्ण गोल बुडबुडा, आणि बुडबुड्याला थंड धुळीची जाड कड. २०१० मध्ये हर्शेल या अवरक्त दुर्बिणीने त्या कडेतच एक भ्रूणतारा, म्हणजे अजून घडत असलेला तारा दाखवला. तेव्हाच तो सूर्याच्या आठ-दहा पट जड होता, आणि त्याच्या भोवती अजून २००० सूर्यांइतका वायू आणि धूळ. साध्या दुर्बिणीला तिथे काळोखाशिवाय काही दिसत नाही, कारण धूळ दृश्य प्रकाश गिळते.

मोठा तारा घडण्यात मुळात अडचण काय, हे वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तारा सूर्याच्या आठपटीच्या पुढे गेला की त्याच्यावर वायू पडत असतानाच आत हायड्रोजन जळायला लागतो. त्याचा प्रकाश धुळीला बाहेर ढकलतो आणि धुळीबरोबर वायूही मागे सरतो. म्हणजे जेवता जेवताच ताट ढकलून देणं. तरीही वाढायचं असेल तर वायूची आवक प्रचंड हवी, आणि ती चकतीवाटे हवी, म्हणजे प्रकाश वरखाली निसटतो आणि माल कडेने येत राहतो. सूर्यासारख्या ताऱ्यावर वर्षाला सूर्याच्या दहालाखाव्या ते लाखाव्या हिश्शाएवढा माल पडतो. मोठ्यावर दहाहजाराव्या ते हजाराव्या. एवढी आवक फक्त फार दाट ठिकाणी जमते, आणि दाबलेला काठ हे तसं ठिकाण आहे. काठाबद्दल लोकांना एवढी उत्सुकता का, ते यावरून कळेल.

आता आकडे. स्पिट्झर दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एड चर्चवेल यांच्या गटाने २००६ मध्ये असे ३२२ बुडबुडे नोंदवले. २०१२ मध्ये मार्क थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्याभोवती कोवळ्या, मोठ्या ताऱ्यांची मोजदाद केली. काठापाशी त्यांची दाटी ठळकपणे जास्त निघाली, आणि आपल्या आकाशगंगेतल्या १४ ते ३० टक्के मोठ्या ताऱ्यांचा जन्म असा उद्दीपित, म्हणजे काठाच्या रेट्याने सुरू झालेला असू शकतो असा अंदाज त्यांनी मांडला. त्याच वर्षी सारा केन्ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी हजारो हौशी लोकांनी संगणकावर बसून शोधलेले पाच हजारांवर बुडबुडे घेतले. त्यांचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास. दोन वेगळ्या याद्या, जवळपासचं उत्तर. तुमचा 'मागे हजार प्रकाशवर्षं' वाला मुद्दा इथे सुटतो: एखाददुसरा तारा चुकून रेषेत येईल, शेकडो बुडबुड्यांच्या नेमक्या कडेवरच कसे येतील?

पण तुमचा पहिला मुद्दा यातून सुटत नाही. दाटी आहे, हे कळलं. ती कुणी केली, हे कळत नाही.

बारावी_ब, रविवार दुपारी

ताई, एक विचारू का? बुडबुडा किती जुना आहे हे कळलं तर निकाल लागणार नाही का? भ्रूणतारा बुडबुड्यापेक्षा लहान पाहिजे. आणि थर साचून कोसळायला वेळ लागतो तेवढा वेळ तरी झालेला पाहिजे.

अवरक्ता, रविवार दुपारी

शाब्बास! यात खरंच मोजमाप झालंय. सोफिया नावाची दुर्बीण बोइंग ७४७ विमानात बसवलेली होती, २०२२ पर्यंत उडत होती. तिने आयनीभूत कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या रेषेत आरसीडब्ल्यू १२० बघितला. रेषा किती सरकली यावरून वायूचा वेग कळतो. २०२१ मध्ये मॅटेओ लुईसी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की बुडबुडा सेकंदाला १५ किलोमीटर वेगाने फुगतोय. त्रिज्या ढोबळ ६ प्रकाशवर्षं धर. वय काढ बघू, कॅल्क्युलेटरशिवाय.

बारावी_ब, रविवार दुपारी

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी. १५ किमी म्हणजे त्याच्या वीस हजाराव्या भागाइतका. प्रकाशाला ६ वर्षं लागतात तर बुडबुड्याला ६ गुणिले २०,००० = १,२०,००० वर्षं. एवढंच??

अवरक्ता, रविवार दुपारी

एवढंच. त्यांचं उत्तर 'दीड लाख वर्षांपेक्षा कमी' असं आहे. सुरुवातीला वेग जास्त असणार, म्हणजे खरं वय तुझ्या आकड्याहून थोडं कमीही असू शकतं. शिवाय नुसत्या तापलेल्या वायूच्या दाबाने एवढा वेग येत नाही, ताऱ्याचा स्वतःचा वारा रेटतोय असं ते म्हणतात.

आता गोम बघ. पातळ ढगात थर साचून, त्याचे तुकडे पडून, कोसळून तारा व्हायला साधारण दहा लाख वर्षांच्या पटीत वेळ लागतो. इथे दीड लाखही नाहीत. माझं वैयक्तिक मत विचारशील तर आरसीडब्ल्यू १२० मध्ये शून्यातून गोळा होऊन सगळं घडलेलं नाही. गाठी आधीच होत्या, धक्क्याने त्यांना घाई केली. निफाडकरांच्या भाषेत मोरीपाशी आधीच तुंबलेलं होतं.

सिडको_एक्सप्रेस, रविवार संध्याकाळी

म्हणजे मी जिंकलो.

अवरक्ता, रविवार संध्याकाळी

अर्धे. 'तसंही झालंच असतं' आणि 'दोन लाख वर्षं आधी झालं' यात फरक आहे. मोठ्या ताऱ्याचं आयुष्यच काही दशलक्ष वर्षांचं.

तरी तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. आकाशात एकच ढग दोनदा चालवून बघता येत नाही, संगणकावर येतो. जेम्स डेल आणि सहकाऱ्यांनी तेच केलं: एकदा मोठ्या ताऱ्यांचा मारा चालू ठेवून, एकदा बंद करून. कुठला तारा माऱ्यामुळे झाला हे संगणकाला ठाऊक असतं. मग त्यांनी निरीक्षक वापरतात त्या खुणा लावून बघितल्या: तारा कडेजवळ आहे का, खांबाच्या टोकावर आहे का, वगैरे. २०१५ चा त्यांचा निष्कर्ष निरीक्षकांना झोंबणारा होता. उद्दीपित आणि आपसूक झालेले तारे एकमेकांत असे मिसळतात की त्या खुणांवर एकेका ताऱ्याचा निवाडा करता येत नाही. आणि एकंदरीत बघता अशा ढगांत ताऱ्यांची निर्मिती वाढण्याऐवजी घटतेच. काठावर चार जास्त, पोटात दहा कमी.

कश्यपी_काठ, रविवार रात्री

मग त्या प्रसिद्ध गरुड तेजोमेघाच्या खांबांचं काय? हबलच्या १९९५ च्या फोटोखाली सगळीकडे 'ताऱ्यांची जन्मभूमी' असंच लिहिलेलं असतं.

मूळनक्षत्र, रविवार रात्री

हे मला ठाऊक आहे. त्या खांबांच्या टोकांवर वायूच्या बारीक बारीक गोळ्या दिसल्या होत्या, प्रत्येकीत एक तारा दडला असेल अशी आशा होती. पुढे अवरक्त दुर्बिणीने आत डोकावलं तेव्हा ७३ गोळ्यांपैकी ११ मध्येच काही असल्याच्या खुणा निघाल्या, आणि त्याही बहुतेक बारक्या ताऱ्यांच्या. बाकी रिकाम्या. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २०१५ मध्ये मोजलं की खांब दर दहा लाख वर्षांना ७० सूर्यांइतकं वस्तुमान गमावतायत, म्हणजे अजून तीस लाख वर्षांत खलास. जन्मभूमी आहे, पण जास्त करून ती झिजण्याची जागा आहे.

अवरक्ता, रविवार रात्री

आणि एकाच काठावर दोन वेगळ्या कहाण्या असतात याचा नमुना शर्मिष्ठा तारकासमूहात आहे. डब्ल्यू ४ हा मोठा फुगलेला बुडबुडा, आणि त्याच्या कडेला डब्ल्यू ३, जिथे मोठे तारे आत्ता घडतायत. वर्षानुवर्षं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण मानलं गेलं. मग चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने तिथले लहान तारेही टिपले, कारण कोवळे तारे क्ष-किरणांत चांगले चमकतात. फायगेलसन आणि टाउनस्ली यांनी २००८ मध्ये दाखवलं की डब्ल्यू ३ मधला मुख्य गुच्छ चांगला भरलेला आणि जवळपास गोल आहे. बाहेरून एका बाजूने दाबून झालेला गुच्छ असा गोल का असावा? तो बहुधा स्वतःच्या मनाने झालेला. पण त्याच्याच शेजारचा, हायड्रॉक्सिलच्या मेसरसाठी (रेणूंतून येणाऱ्या तीव्र रेडिओ झोतासाठी) प्रसिद्ध असलेला गट मात्र लांबट, तुकड्यातुकड्यांचा, काठाने गोळा केल्यासारखा. शेजारी शेजारी, एकाच कडेला!

म्हणून मला 'काठावर तारे जन्मतात का' या प्रश्नापेक्षा 'हा विशिष्ट गुच्छ कसा झाला' हा प्रश्न बरा वाटतो. सरसकट उत्तर मागितलं की २२ टक्के मिळतात आणि ते कुठल्याच ताऱ्याच्या कपाळावर लिहिलेले नसतात.

रविवार_कारंजा, सोमवार सकाळी

आपल्याकडे यावर काही काम होतं का? की सगळं नासा आणि युरोप?

अवरक्ता, सोमवार सकाळी

काका, तुमच्या नाशिक-पुणे रस्त्यावरच होतं! नारायणगावपासून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, पसारा २५ किलोमीटरचा. आयनीभूत वायूतले इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून वळताना रेडिओलहरी सोडतात, आणि रेडिओलहरींना धूळ अडवत नाही. त्या किती आल्या यावरून वायू आयनीभूत ठेवायला सेकंदाला किती फोटॉन लागत असतील ते निघतं, आणि त्यावरून आतला तारा कुठल्या वर्गाचा ते. धुळीत गाडलेल्या, कधीच न दिसणाऱ्या ताऱ्याची ओळख पटवायचा हा मार्ग. ६१० आणि १२८० मेगाहर्ट्झवर असे कित्येक ढग तिथे मोजले गेलेत. त्याच्या जोडीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची १०० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून वर सोडली जायची, थंड धुळीचे नकाशे करायला. आत किती तापलंय ते खोडदहून, बाहेर किती गार माल साचलाय ते फुग्यातून. या धाग्याचा अख्खा विषय त्या दोन नकाशांत मावतो.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन असतं. शाळांच्या बसच्या बस येतात. संगमनेरमार्गे या, सकाळी लवकर निघा.

बारावी_ब, सोमवार दुपारी

आपला सूर्यपण असा काठावर झाला असेल का?

मूळनक्षत्र, सोमवार दुपारी

परीक्षा कधी आहे तुझी? असो. जुन्या उल्कापाषाणांत ॲल्युमिनियम-२६ होतं, याच्या पक्क्या खुणा सापडतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षं, म्हणजे ते सूर्यमाला तयार होताना ताजं ताजं आलेलं. ते मोठ्या ताऱ्यांत तयार होतं. त्यामुळे सूर्याच्या जन्माच्या आसपास एखादा मोठा तारा होता असं बरेच जण मानतात. पण तो शेजारी होता यावरून त्याने सूर्य घडवला असं म्हणायला गेलो तर सिडकोवाले पुन्हा बंब घेऊन येतील.

सिडको_एक्सप्रेस, सोमवार दुपारी

आलोच. बंब तयार आहे. बाकी धागा वाचनखुणेत टाकला, एवढं मान्य करतो.

कश्यपी_काठ, सोमवार रात्री

मी आता आरसीडब्ल्यू १२० चा फोटो काढायचं मनावर घेतलंय. नाशिकहून जमेल का?

मूळनक्षत्र, सोमवार रात्री

नाशिक २० अंश उत्तरेला, तो ३८ अंश दक्षिणेला. म्हणजे सगळ्यात वर असताना क्षितिजापासून साधारण ३२ अंश. जमेल, पण शहराचा उजेड दक्षिणेला नको, म्हणून शहराच्या दक्षिणेला जाऊन बसा. पेठ रोडचा हट्ट सोडा. आकार चंद्राच्या रुंदीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा, त्यामुळे नुसत्या लेन्सवर ठिपका येईल, दुर्बीण जोडावी लागेल. आणि कॅमेऱ्यातला मूळ फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा कापतो, नेमका तोच हायड्रोजनचा. तो बदलून घेतलेला कॅमेरा असेल तर उत्तम. कड येईल फोटोत. भ्रूणतारा येणार नाही, कितीही एक्स्पोजर द्या.

निफाडकर, सोमवार रात्री

आमची काढणी चालू आहे, पहाटे साडेपाचला बागेत असतोच. माझ्याकडे १०x५० ची द्विनेत्री आहे. त्यात काही दिसेल का यातलं?

मूळनक्षत्र, मंगळवार सकाळी

भाऊ, आरसीडब्ल्यू १२० नाही दिसणार. पण त्या वेळी आग्नेयेला वृश्चिकाची नांगी वर आलेली असते. तिच्या डावीकडे, थोडं वर, एम-१७ शोधा. द्विनेत्रीत फिकट आडवी रेघ दिसते, साधारण पाच-साडेपाच हजार प्रकाशवर्षं दूर. तोही आयनीभूत ढगच. त्याच्या नैर्ऋत्य कडेला रेणूंचा दाट ढग टेकलेला आहे आणि त्यात मोठे कोवळे तारे आहेत. ते डोळ्याला दिसत नाहीत, पण कड कुठली ते समजेल. क्षितिजाजवळ धुकं असेल तर पंधरा मिनिटं थांबा, फार थांबू नका, उजाडतं.

निफाडकर, बुधवार सकाळी

दिसली रेघ. मजुरांनाही दाखवली. दोघांना दिसली, एक म्हणाला ढग आहे. मी म्हटलं बरोबर आहे तुझं.